मिल्काबाईंची हिनेनी

१४ सप्टेंबर, रविवार

इथे येऊन बारा दिवस झाले आणि रोज एकदा तरी बॅग भरून निघावंसं वाटलं. किनवटचं हे मुलींचं वसतिगृह, बासष्ट मुली, दोन स्वयंपाकिणी, अंगठ्याच्या हजेरीचं बंद पडलेलं मशीन आणि मी, नवी अधीक्षिका. शिरूर अनंतपाळहून इथे यायला तीन गाड्या बदलाव्या लागतात. "सहा महिने काढ, मग बदलीचं बघू," वैजनाथ म्हणतात. बोलायला काय जातं! सात वर्षांची लेक सोडून त्यांनी काढावेत सहा महिने, म्हणजे कळेल.

हजेरी संध्याकाळी सातला. छकुलीचा व्हिडिओ कॉलही सातलाच, कारण साडेसातला सासूबाईंची मालिका लागते आणि मग घरातला फोन मिळत नाही. म्हणून मी फोन टेबलावर उभा करते, पोरीकडे बघत बघत नावं वाचते, "हजर" ऐकलं की खूण करते. आठ मिनिटांत बासष्ट नावं. आधीच्या बाईंना म्हणे अर्धा तास लागायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

दह्याला विरजण हवं होतं. स्वयंपाकीण म्हणाली, "मिल्काबाईकडं जावा." रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांमागे दोन खोल्यांचं घर. दारातून हाक मारली, "मिल्काबाई, आहात का?" आतून खणखणीत उत्तर आलं, "हिनेनी!"

मिल्काबाई वाकरूळकर. वय एक्याऐंशी. वडील इथे स्टेशनमास्तर होते. या इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. भावंडं केव्हाच इस्रायलला गेली. मराठी ज्यू, बेने इस्रायल. मी जन्मात पहिल्यांदा ज्यू माणूस पाहिला आणि ती बाई पायरीवर विळी मांडून भेंड्या चिरत बसलेली.

हिनेनी म्हणजे काय, विचारलं. म्हणाल्या, "आमच्या इब्रीतला, म्हणजे हिब्रूतला, शब्द आहे. ही बघ, मी इथं आहे. माझे वडील हाकेला तसंच उत्तर द्यायचे. स्टेशनात साहेबानं हाक मारली तरी."

"म्हणजे आपलं 'हजर'च की," मी म्हटलं.

"तसं म्हण हवं तर," त्या म्हणाल्या आणि विरजणाची वाटी दिली. ते 'हवं तर' मला जरा खटकलं. शिक्षकांना दुसऱ्याचं उत्तर कधी पूर्ण बरोबर वाटतच नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. घरी सोयाबीन पाण्यात आहे, वैजनाथांचा आवाज उतरलेला. मन कशातच लागत नाही.

काल हजेरीत नववीची सिंधु "हजर" ऐवजी "हिनेनी" म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. ती रविवारी मिल्काबाईंच्या सुईत दोरा ओवून द्यायला जाते, तिकडून उचललेला शब्द. मी फोनमधून मान वर करून चांगलं खडसावलं. "हे वसतिगृह आहे. हजर म्हणायचं." किडकिडीत पोरगी, कपाळावर व्रण. आजही हिनेनीच म्हणाली. हट्टी आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याचं सोनं द्यायला मिल्काबाईंकडे गेले तर दारं-खिडक्या बंद. शेजारचे तय्यबभाई जीप धूत होते. म्हणाले, "आज न्हाई उघडनार मॅडम. त्यांचा दारफळणीचा सन हाय. कालच्या सांजपासून पानी बी न्हाई घेतलं." आपल्या घरची खबर सांगावी तसं सांगितलं त्यांनी.

आज गेले. मिल्काबाई थकलेल्या पण प्रसन्न. वर्षभराच्या चुका कबूल करायचा तो दिवस म्हणे. त्या दिवशी मंदिरात सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना म्हणणारा माणूस आधी एकटाच पुढे होतो आणि तोच शब्द म्हणतो, हिनेनी. "म्हणजे तो काय म्हणतो बघ. मी कमी पडणारा माणूस आहे, माझ्या गाठीला फार काही नाही, पण या लोकांसाठी उभा राहायला मी आलोय."

"इथं कुठं मंदिर?" मी विचारलं.

"नाही ना. म्हणून मीच म्हणते. सगळे लोकही मीच." आणि खळखळून हसल्या. मला मात्र गलबलून आलं. आपलं एवढं मोठं घर असून मी इथे एकटी पडले, त्याचंच वाईट वाटलं असावं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी! बदलीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला. हणमंतराव सरांनी पानं चाळली. "लातूर जिल्ह्यात जागा हाय. तुमचं रेकॉर्ड साफ ठेवा, बाकी मी बघतो."

जाताना सिंधु फाटकापाशी घुटमळत होती. काही बोलायचं होतं वाटतं. माझी गाडी चुकत होती. "आल्यावर बोलू," म्हटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

परत आले. निघताना छकुलीनं पदर सोडला नाही. सासूबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. 

पहिल्याच दिवशी बासष्टपैकी बासष्ट! हणमंतराव सरांना सांगितलं तर त्यांनाही खरं वाटेना. दिवाळीनंतर म्हणे दरवर्षी पाच-सहा मुली गळतात. सिंधुचंही डोकं ठिकाणावर आलेलं दिसतं. हिनेनी सोडून नीट "हजर" म्हणाली. घसा तेवढा बसलाय तिचा, फराळाचं तेलकट खाऊन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी खोल्या तपासल्या. काय ती पांघरुणं, काय ते पसारे! एकट्या सिंधुची वळकटी चार दिवस बघतेय तशी नीट घडी घातलेली, पेटी बंद, ताट लख्ख. सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. "बघा जरा सिंधुची शिस्त!" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पोरींना एकमेकींचं कौतुक सहन होत नाही.

उज्वला, तिची शेजारीण, मागे मागे आली. "बाई, किती खाडे झाले की नाव कापतात?" म्हटलं, दहा दिवस. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. ही पोरगी घरी पळायच्या बेतात दिसते. लक्ष ठेवायला हवं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

छकुली फोनवर म्हणते, "आई, सिंधुताईचा आवाज उज्वलाताईसारखाच का येतो गं?" आता हिला नावंही पाठ झालीत! बिचारीला आई बघायची तर आधी बासष्ट नावं ऐकावी लागतात. सासूबाई म्हणाल्या, घरी बाहुल्यांची हजेरी घेते.

सर म्हणाले, बदलीचं जवळपास ठरलंय. डिसेंबरात मी घरी!

९ नोव्हेंबर, रविवार



दुपारी मिल्काबाईंकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "सुट्टी संपली तरी सिंधु का येत नाही?"

"आहे की. रोज हजर आहे."

"बरी आहे ना? तू पाहिलीस तिला?"

 पाहिली कुठे होती? वळकटी पाहिली होती. ताट पाहिलं होतं.

संध्याकाळी फोन उपडा ठेवला आणि एकेका नावाला मान वर केली. "सिंधु दगडोबा." "हजर," बसक्या आवाजात उज्वला म्हणाली आणि माझी नजर तिच्या नजरेला भिडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

सिंधु दिवाळीहून आलीच नव्हती.

उज्वला रडत रडत सांगत होती. आई वारल्यावर सिंधुचा बाप एकटा. तो ऊसतोडीला निघालाय आणि तिचं लग्न लावून देतोय, एका तोडणीवाल्याशीच, कारण उसाच्या फडावर नवरा-बायकोच्या जोडीलाच काम मिळतं, त्यालाच कोयता म्हणतात. "तिनं मला सांगितल्तं बाई, मी येते, तवर माझं नाव कापू देऊ नको. मी काय करू? मला लई भेव वाटत व्हतं." लग्न तेरा तारखेला. मुलगी पंधरा वर्षांची.

आणि मी सहा दिवस तिच्या नावापुढे खूण करत होते. तिच्या शिस्तीचं कौतुक करत होते!

सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आज बी हजर लावा. सकाळी बघू." मी लावली.

१० नोव्हेंबर, सोमवार

हणमंतराव सर वाईट माणूस नाहीत. चहा मागवला, पंखा लावला. "मॅडम, तुम्ही काय करून राहिल्या ते समजून घ्या. तक्रार केली की पयलं रजिस्टर मागतील. सही कोणाची? तुमची. पोरगी बापाच्या घरी हाय, कुठं हरवली न्हाई. सालाला चार जातात अशा. तुमी निलंबित व्हाल अन तिचं लग्न तरी थांबंल का, सांगा?"

"मग काय करू?"

"तेरा तारीख होऊ द्या. मंग खाडे लावा, नाव कमी करा. डिसेंबरात तुमी लातूरला."

 दुपारी नाव न सांगता सिंधुच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन केला, बालविवाह होतोय म्हणून. म्हटलं, साप मरेल आणि काठीही वाचेल. संध्याकाळी सिंधुपुढे खूण केली. आज डोळे उघडे ठेवून केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रामसेवकानं शाळेत फोन केला. सरांनी सांगितलं, मुलगी वसतिगृहात हजर आहे, रजिस्टर बघा. प्रकरण मिटलं. काठी वाचली फक्त.

मिल्काबाईंपुढे सगळं ओकले. वाटलं, रागावतील. त्यांनी भाजी निवडत निवडत भलतंच सांगितलं. त्यांच्या मूळपुरुषाला एकदा देवानं हाक मारली. तो हिनेनी म्हणाला. काम काय ते मागाहून कळलं. आपलाच मुलगा बळी द्यायला घेऊन डोंगर चढायचा. वाटेत मुलानं हाक मारली, बाबा. तर त्यालाही तो हिनेनीच म्हणाला. "देवाला एक उत्तर आणि लेकराला दुसरं, असं नाही. तू म्हणालीस ना तेव्हा, हजरच की? हजर हे वहीसाठी असतं, वर्षा. हाक मारणाऱ्याला हिनेनी म्हणतात. काय मागतोस ते विचारायच्या आधी."

मला पटलं. लेकराला आधी उत्तर द्यायचं. माझं लेकरू शिरूरला वाट बघतंय. म्हणजे डिसेंबरात मी गेलंच पाहिजे, असंच त्या सुचवत होत्या. हलकं वाटलं.

(संध्याकाळी, साडेसात.) हजेरी घेतली. "सिंधु दगडोबा." उज्वला काही बोलली नाही. कुणीच बोललं नाही. एकसष्ट पोरी माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघून खूण केली.

टेबलावरून छकुली म्हणाली, "आई, कुणीच हजर म्हटलं नाही. तरी तू का लिहिलंस?"

फोन बंद केला. तेव्हापासून या खोलीत येरझाऱ्या घालतेय. मिल्काबाई काय म्हणत होत्या ते मला कळलं नव्हतं. मी सोयीचं तेवढं उचललं. फाटकापाशी सिंधुनं हाक मारली होती आणि मी म्हटलं होतं, आल्यावर बोलू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सगळं क्रमानं लिहून ठेवते, उद्या विचारलं तर सांगता यावं.

सकाळी सातला मिल्काबाईंच्या दारात उभी राहिले. "मिल्काबाई, एक काम..." एवढंच म्हटलं.

"हिनेनी." बाहेर आल्या त्या चपला घालूनच, हातात पिशवी आणि पाण्याची बाटली. कुठे जायचंय, हे त्यांनी तय्यबभाईंच्या जीपमध्ये बसल्यावर विचारलं. हजेरीचं रजिस्टर माझ्या मांडीवर होतं.

हदगावच्या पुढे गाव. घरापुढे चार बांबूंचा मांडव, हळद कालवलेलं घमेलं. ग्रामसेवक सत्यम तिथेच भेटला, तरुण, घाबरट. "मॅडम, मी चवकशी केली की. पोरगी तर होस्टेलला हजर हाय म्हणले." आणि ती पोरगी आमच्यासमोर ओट्यावर बसलेली होती, हातापायाला हळद. तिनं मला पाहिलं आणि नजर वळवली.

बाप, दगडोबा, हात जोडून आला. मारकुटा नव्हता, ओरडला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं. म्हणाला, "मी सा महिने फडावर असतो बाई. आई न्हाई हिला. लगीन झालं तर कुणाच्या तरी संगं तरी ऱ्हाईल."

"तिच्याकडे आम्ही बघतो ना. वसतिगृह आहे."

"तुमी बघता?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या वहीत नऊ दिस झाले ती हजर हाय. हितं हाय ती. अन मला सांगता लेकराकडं ध्यान द्या म्हनून."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.  बायका दारात जमल्या होत्या. मिल्काबाई माझ्या शेजारी काठी टेकून उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खरं आहे," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वही खोटी आहे आणि सही माझी आहे." ओट्यावर रजिस्टर उघडलं. लाल पेनानं नऊ खुणा खोडल्या, नऊ वेळा गैरहजर लिहिलं. खाली लिहिलं, पहिले सहा दिवस न बघता भरले, पुढचे तीन जाणूनबुजून भरले. सही केली, तारीख घातली आणि सत्यमच्या हातात दिलं. "आता ती होस्टेलला नाही. आता चौकशी करा."

त्यानं ते दोनदा वाचलं, फोटो काढला, वर फोन लावला. नंतर सगळं फार सावकाश झालं. तीन तासांनी पोलीस आले, दगडोबानं आता लग्न लावणार नाही म्हणून लिहून दिलं, मांडवाचे बांबू त्यानंच उपटले. नवरदेव येणारच होता, त्याला कुणीतरी फाट्यावरूनच परतवून लावलं. मला विजय वगैरे काही वाटलं नाही. दगडोबाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

सिंधुला नांदेडला बालकल्याण समितीपुढे न्यायचं होतं. जीपमध्ये चढताना तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "उज्वलाला मार पडला का, बाई?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निलंबनाचा आदेश आला. "कर्तव्यात कसूर." दोन शब्द आहेत आणि दोन्ही खरे आहेत. चौकशी होईल. बदलीचा अर्ज आपोआप रद्द. सर म्हणाले, "सांगितल्तं मी." आणि मग, खिडकीबाहेर बघत, "पोरगी येनार हाय का परत?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले.

वैजनाथ फोनवर खूप चिडले. "दुसऱ्याच्या पोरीसाठी स्वतःच्या पोटावर पाय! घरच्यांचा विचार केलास?" केला होता, हे त्यांना कसं सांगू? उशिरा पुन्हा त्यांचा फोन आला. म्हणाले, "न्यायला येऊ का?" नको म्हटलं आणि मग रडले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सिंधु काल नांदेडहून परत आली. मिल्काबाईंनी मलिदा केला, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, केळी. नवस फेडताना करतात म्हणे. तय्यबभाई दोनदा मागून घेऊन म्हणाले, "आमच्यात बी दर्ग्यावर मलिदा असतो, पन ह्यो येगळाच." मिल्काबाईंना विचारलं, तुम्ही कसला नवस बोलला होतात? म्हणाल्या, "सांगायचा नसतो." त्यांचे पाय अजून सुजलेले आहेत जीपच्या धक्क्यांनी.

आज शेख बानो मॅडमना चार्ज दिला. उद्यापासून हजेरी त्यांची. आजची शेवटची मी मागून घेतली. त्या शेजारी उभ्या राहिल्या. फोन खोलीत ठेवला होता.

एक नाव, एक चेहरा. पहिल्यांदाच दिसलं की पाचवीतल्या एका मुलीला चष्मा हवाय, ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघते. एकीला नायटा झालाय. एक सतत दाराकडे बघते. हे सगळं बानो मॅडमना लिहून दिलं.

"उज्वला रामलिंग." "हजर." घसा आता साफ आहे.

"सिंधु दगडोबा."

"हजर," उज्वला सवयीनं बोलून गेली आणि त्याच क्षणी तिच्या शेजारून, न घाबरता, आवाज आला, "हिनेनी."

सगळ्या पोरी हसल्या. उज्वलानं जीभ चावली. सिंधु माझ्याकडे बघत होती, खडसावते का म्हणून. कपाळावरचा व्रण, नखांत अजून हळद.  मी नुसती मान हलवली आणि तिच्या नावापुढे खूण केली.

बानो मॅडमनी किल्ल्या घेतल्या. "अजून काही सांगायचं राहिलं का?"

"नाव घेतलं की वर बघत जा," मी म्हटलं.

हजेरीला चाळीस मिनिटं लागली. खोलीत आले तर छकुलीचे पाच मिस्ड कॉल. आता मालिका लागली असेल, फोन लागणार नाही. घरी जायला पहाटे सहाची नांदेड गाडी आहे, बॅग भरून ठेवली आहे.